ड्युटी-फ्री डिझेलचा हिशेब

‘ड्युटी-फ्री’ हा शब्द ऐकला की आपल्या माणसाला काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मला तेच होतं. विमानतळावर तीन तास मोकळे मिळाले की आपण नको असलेली चॉकलेटं, नको असलेली अत्तरं आणि (काकांसाठी म्हणून) एक बाटली घेऊन बाहेर पडतो, आणि घरी आल्यावर किती पैसे वाचले ते सगळ्यांना सांगतो. किती गेले ते कुणी विचारत नाही. आज लिहितोय ते मात्र बाटलीबद्दल नाही, ६५० लिटर डिझेलबद्दल आहे.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टनजवळ राहतो, आठवडाभर कोड लिहितो, आणि चार जणांत मिळून घेतलेल्या एका म्हाताऱ्या बोटीचा चतुर्थांश मालक आहे. ऐकायला फार श्रीमंती वाटते, पण माझा हिस्सा एका सेकंडहँड गाडीच्या भावात पडला. छत्तीस फुटी बोट, एकच डिझेल इंजिन, शिडं नाहीत. ताशी सात सागरी मैलांच्या वर वेग नेला तर इंजिनही कुरकुरतं आणि भागीदारही. टाक्या दोन, प्रत्येकी ४०० लिटरच्या. या टाक्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही ग्वेर्न्सीला गेलो. ग्वेर्न्सी हे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं एक छोटं बेट. तिथे राजा ब्रिटनचाच, पण ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही आणि युरोपियन युनियनचाही कधी नव्हतं. कायदे त्यांचे, कर त्यांचे. तिथे व्हॅट नाही, आणि बोटीच्या डिझेलवर इंग्लंडसारखी ड्युटीही नाही. त्यामुळे आमच्या किनाऱ्यावरचे बोटवाले तिकडे निघाले की टाक्या मुद्दाम रिकाम्या घेऊन जातात. हे काही चोरून चालत नाही. परत येताना नियमाप्रमाणे पिवळा झेंडा लावायचा, सीमाशुल्कवाल्यांना कळवायचं. बोटीच्या स्वतःच्या टाकीतलं डिझेल हे बोटीचं इंधन, त्यावर कुणी काही म्हणत नाही. कॅन भरभरून आणलेत तर मात्र तो माल झाला. युरोपच्या २००७ च्या नियमातही प्रवाशाला एवढीच सूट आहे: वाहनाची नेहमीची टाकी आणि वर फार तर १० लिटरचा एक कॅन.

आयडिया माझी होती, हे आधीच कबूल करतो. एक्सेल शीटही माझीच.

आता इंग्लंडमधला हिशेब सांगतो, कारण त्याशिवाय ग्वेर्न्सीची गोडी कळायची नाही. इथे शेतीच्या ट्रॅक्टरसाठी वगैरे लाल रंग घातलेलं, कमी ड्युटीचं डिझेल मिळतं. रस्त्यावरच्या गाडीत ते घातलेलं पकडता यावं म्हणून हा रंग. ऑक्टोबर २००८ संपेपर्यंत हौशी बोटवाल्यांनाही ते त्याच कमी दरात मिळायचं. मग युरोपची सवलत संपली आणि १ नोव्हेंबर २००८ पासून नवी पद्धत आली. बोटीला डिझेल लालच मिळणार, पण त्यातलं किती बोट चालवायला आणि किती हीटर, दिवे वगैरे घरगुती कामाला, हे तुम्ही पंपावर जाहीर करायचं. चालवण्याच्या हिश्श्यावर पूर्ण ड्युटी, घरगुतीवर कमी. रूढ झालेली वाटणी ६० आणि ४०. मार्च २०२२ च्या कपातीनंतर पूर्ण ड्युटी लिटरला ५२.९५ पेन्स आणि लाल डिझेलची १०.१८ पेन्स झाली. म्हणजे ६०/४० ने सरासरी लिटरमागे ३६ पेन्स नुसती ड्युटी. वर व्हॅट.

युरोपला हे लाल प्रकरण मान्य नव्हतंच. ब्रिटिश बोटी लाल डिझेल घेऊन बेल्जियमच्या बंदरांत गेल्या की तिथले कस्टमवाले टाकीत नळी घालून बघत आणि दंड करत. युरोपच्या न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०१८ ला ब्रिटन आणि आयर्लंड दोघांच्याही विरोधात निकाल दिला: हौशी बोटींना खुणेचं डिझेल विकता येणार नाही. पुढे ब्रेक्झिट झालं. उत्तर आयर्लंडमध्ये २०२१ पासून बोट चालवायला साधं, बिनरंगाचं डिझेल सक्तीचं झालं, पण इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लाल आणि ६०/४० तसंच राहिलं.

या ६०/४० बद्दल माझं एक प्रामाणिक मत आहे, आणि ते ऐकून माझे भागीदार माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. आमच्या बोटीवर हीटर आहे, तो हिवाळ्यात चार-पाच वेळा लागतो. आमच्या डिझेलचा ४० टक्के भाग हीटरमध्ये जळतो असं सही करून सांगणं म्हणजे थाप आहे. ती सगळेच मारतात, पंपवालाही तुम्ही तोंड उघडायच्या आत ‘सिक्स्टी-फॉर्टी?’ असं विचारतो. पण थाप ती थापच. तेव्हा ‘सरकार आम्हाला लुटतं’ असं म्हणताना आपण आधीच थोडी सूट खिशात घातलेली आहे, हे विसरू नये. असो.

तर ग्वेर्न्सीला सेंट पीटर पोर्टच्या धक्क्यावर आम्ही ६५० लिटर भरलं. घरच्यापेक्षा लिटरमागे चाळीसेक पेन्स कमी पडले, म्हणजे २६० पौंडांची बचत. मी शीटमध्ये तो सेल हिरवा केला.

आता शीटमध्ये नसलेला हिशेब. आमच्या धक्क्यापासून ग्वेर्न्सी शंभरेक सागरी मैल. जाऊन-येऊन दोनशे मैल म्हणजे सात मैलांच्या वेगाने अठ्ठावीस-एकोणतीस तास, तासाला नऊ लिटर, एकूण साधारण २६० लिटर. जातानाचं घरच्या भावाचं, येतानाचं बेटाच्या भावाचं, सगळं मिळून तीनशे पौंडांच्या वर. २६० वाचवायला तीनशे जाळले. भागीदार म्हणाला, “अरे, सुट्टीला जाणारच होतो ना आपण?” अगदी बरोबर. सुट्टीला जाणार असाल तर जाणं फुकट धरता येतं. पण नुसत्या डिझेलसाठी कुणी जात असेल तर त्याने आधी पाटी-पेन्सिल घेऊन बसावं. ज्याची टाकी दोन-तीन हजार लिटरची आहे, त्याचं गणित जमेल. आपल्यासारख्यांचं नाही.

इथवर गोष्ट फक्त पैशाची आहे आणि त्यात कुणी मेलं नाही. खरी चूक दुसरीच होती. परत आलो तेव्हा टाक्यांत ५२० लिटर उरलं होतं. ग्वेर्न्सीची वारी सोडली तर आमचा वर्षाचा खप तीनशे लिटर. म्हणजे मी भागीदारांना जवळजवळ पावणेदोन वर्षांचं डिझेल आणून दिलं होतं, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. त्या ऑक्टोबरात नुसता पाऊस. मग बोट हिवाळ्यासाठी बांधून ठेवली. सहा महिने टाक्या अर्ध्याहून जरा जास्त भरलेल्या, वरची मोकळी जागा दमट हवेची. दिवसा जरा ऊब, रात्री गारठा. टाकीच्या पत्र्यावर आतून दव धरायचं आणि ओघळून तळाशी जायचं.

२०२४ च्या मे महिन्यात पहिली फेरी काढली. बायको आणि मुलगी बरोबर होत्या, मुलगी तेव्हा सात वर्षांची. सोलंटच्या पश्चिम टोकाला हर्स्ट पॉइंट नावाची एक निमुळती जागा आहे. ओहोटीचं सगळं पाणी तिथून बाहेर धावतं, मोठ्या ओहोटीला ताशी चार मैलांहून जास्त वेगाने. आणि बाहेर पडल्या पडल्या उजव्या हाताला शिंगल्स नावाचा गोट्यांचा उथळ दांडा आहे. बरोबर तिथे इंजिनाचा आवाज बदलला. आधी दम लागल्यासारखा, मग दोन उचक्या, मग काहीच नाही. डिझेल इंजिन बंद पडल्यावरची शांतता ज्याने ऐकली आहे त्याला वेगळं सांगायला नको. पाणी आम्हाला त्या दांड्याकडे घेऊन निघालं होतं.

नांगर टाकला. पहिल्यांदा घसरला, मग धरला. मी इंजिनाच्या खोलीत उतरलो. फिल्टरखाली काचेची वाटी असते, त्यात एरवी सरबतासारखं लाल स्वच्छ डिझेल दिसतं. त्या दिवशी काळा चिखल होता, जेलीसारखा. फिल्टर बदलला, एअर काढली, इंजिन सुरू झालं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. ‘दुसऱ्या टाकीवर का नाही घेतलं?’ असं जाणकार विचारतील. आमच्या दोन्ही टाक्या तळाशी नळीने जोडलेल्या आहेत, म्हणजे एकीची घाण ती दुसरीचीही. माझ्याकडे जादा फिल्टर दोनच होते. दुसऱ्यावर, इंजिन अगदी हळू चालवत, यार्मथच्या बंदरात कसेबसे शिरलो. मुलीला वाटलं हा सगळा सहलीचाच भाग आहे. बायकोला तसं वाटलं नाही.

टाक्या रिकाम्या करून आतून साफ करणं, खराब डिझेलची विल्हेवाट, नवे फिल्टर, नळ्या, मजुरी, सगळं धरून नऊशे पौंड. तो सेल मी लाल केला.

आता मुद्द्यावर येतो. यार्मथच्या धक्क्यावर मी हात धूत होतो तेव्हा शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी एका वाक्यात निकाल दिला: “हे सगळं त्या बायोफ्युएलचं पाप.” बोटवाल्यांत हे मत सर्रास ऐकू येतं. आधी सरकारने करात लुटलं, मग डिझेलात भेसळ केली. दोन्ही गोष्टी इथे २००८ मध्येच आल्या, त्यामुळे लोकांच्या डोक्यात त्यांची एकच तक्रार झाली आहे. मला ती अर्धी पटते आणि अर्धी मुळीच पटत नाही. का, ते सांगतो.

एप्रिल २००८ पासून ब्रिटनमध्ये इंधन पुरवणाऱ्यांवर ठराविक हिस्सा जैविक इंधनाचा देण्याचं बंधन आलं. डिझेलमध्ये मिसळतात त्या जैविक भागाला ‘फेम’ म्हणतात. वनस्पती तेल किंवा हॉटेलांतलं वापरलेलं तळणाचं तेल घ्यायचं, मिथेनॉलबरोबर त्याची प्रक्रिया करायची, ग्लिसरीन वेगळं काढायचं, आणि उरतं ते फेम. युरोपच्या ईएन ५९० मानकाप्रमाणे रस्त्यावरच्या डिझेलमध्ये ते ७ टक्क्यांपर्यंत चालतं. ब्रिटनच्या लाल डिझेलच्या मानकातही तेवढंच चालतं. कल्पना काही नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तेल जाळायला इंजिनाची हरकत नसते. प्रश्न साठवण्याचा आहे.

फेमच्या रेणूत ऑक्सिजन असतो, आणि त्यामुळे त्याला पाणी आवडतं. साधं खनिज डिझेल पाण्याला जवळजवळ थारा देत नाही, फेम त्याच्या कितीतरी पट पाणी पोटात ठेवतं. मानकांतच फरक दिसतो: ईएन ५९० च्या डिझेलमध्ये किलोला २०० मिलिग्रॅम पाणी चालतं, शुद्ध फेमच्या मानकात ५००. गारठा पडला की विरघळलेलं पाणी सुटं होऊन तळाला बसतं. दुसरं म्हणजे फेम हवेने लवकर खराब होतं, आणि तांबं, पितळ, जस्त यांच्या संगतीत आणखी लवकर. जुन्या बोटींत याच धातूंची फिटिंग्ज असतात. तिसरं, ते चांगलं सॉल्व्हंट आहे. वीस वर्षांची टाकीला चिकटलेली घाण ते सोडवतं आणि थेट फिल्टरकडे पाठवतं. जुन्या रबरी नळ्याही त्याला मानवत नाहीत.

आणि मग ते जंतू. तळाचं पाणी आणि वरचं डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू राहतात. डिझेल खातात, पाण्यात राहतात. इथे त्याला ‘डिझेल बग’ म्हणतात, आणि त्यातली सगळ्यात प्रसिद्ध बुरशी हॉर्मोकोनिस रेझिनी. (आमच्या धंद्यातले बग परवडले, ते निदान फिल्टर चोंदवत नाहीत.) काचेच्या वाटीतली ती काळी जेली म्हणजे या मंडळींची वसाहत. त्यांना फेम हे पचायला सोपं अन्न आहे. त्यातच २०११ पासून युरोपच्या नियमाने हौशी बोटींच्या डिझेलमधलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आणलं. हवेसाठी ते उत्तमच झालं, पण पूर्वीच्या गंधकवाल्या डिझेलमध्ये या मंडळींना थोडा तरी वचक होता असं जुने मेकॅनिक सांगतात.

हे सगळं खरं आहे, म्हणून आजोबांची तक्रार अर्धी पटते. आता उरलेली अर्धी.

पाणी नसेल तर बुरशी नाही. फेम असो वा नसो, जिथे पाणी आहे तिथे ती होतेच. फेमचं नावही नव्हतं तेव्हासुद्धा विमानांच्या आणि बोटींच्या टाक्यांत ती होत होती. माझ्या टाकीत पाणी फेमने आणलं नाही, मी आणलं: सहा महिने अर्धवट टाक्या, तळाचं पाणी एकदाही न काढणं, आणि टाकीच्या झाकणाची झिजलेली रबरी रिंग ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून सोडून देणं. ग्वेर्न्सीच्या डिझेलमध्ये फेम होतं की नव्हतं हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हा त्या पंपालाही दोष देता येत नाही. मी फक्त भाव विचारला.

आणि इथेच दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटतात. ७ टक्के फेमचं डिझेल वाईट नाही, ते ताजं खायचं आहे, इतकंच. गाडीवाला दर आठवड्या-पंधरवड्याला टाकी भरतो, त्याच्या डिझेलला म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही. हे मिश्रण त्याचाच विचार करून ठरवलेलं आहे. असं डिझेल सहा महिने, फार तर वर्षभरात संपवा असं सांगतात. आणि ड्युटी-फ्री काय शिकवतं? एकदाच भरा, भरपूर भरा, दोन वर्षं पुरवा. म्हणजे जे साठवू नये ते साठवायलाच ड्युटी-फ्री आपल्याला लावतं. पूर्वीच्या डिझेलला ही साठेबाजी चालायची, म्हणून जुन्या बोटवाल्यांच्या तोंडी अजून तोच सल्ला आहे. डिझेल बदललं, सल्ला बदलला नाही. माझ्या मते बोटवाल्यांचं खरं नुकसान फेमने होत नाही, या शिळ्या सल्ल्याने होतं.

मग सरकारकडे मागायचं काही नाही का? आहे. पण ‘फेम बंद करा’ हे मागू नये. ते मिळणार नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे. आपण हौसेसाठी तासाला नऊ लिटर जाळतो. हवेबद्दल बोलायची वेळ आली की ‘आम्हाला सोडा’ म्हणायला आपल्याला तोंड नाही. तळणाचं तेल गटारात जाण्याऐवजी इंजिनात गेलं तर चांगलंच आहे. (पाम तेलासाठी जंगलं तोडून केलेलं फेम हा वेगळा विषय, आणि त्यात मी टीकाकारांच्या बाजूने आहे.)

मागायच्या गोष्टी दोन आहेत. एक, पाटी. २०१८ च्या ऑक्टोबरपासून युरोपात आणि २०१९ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पंपांवर ‘बी७’ अशी चौकोनी खूण लावतात, म्हणजे ७ टक्क्यांपर्यंत फेम. हीच पाटी बंदरातल्या प्रत्येक पंपावर हवी, आणि टाकीत ते कधी आलं त्याची तारीखही हवी. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, आणि ते नासलं तर फार तर चहा बिघडतो. डिझेल नासलं तर हर्स्ट पॉइंट होतो. दोन, बंदरात निदान एका पंपावर फेमविरहित डिझेल मिळावं, किंवा एचव्हीओ. एचव्हीओ हेही वनस्पती तेलापासूनच करतात, पण हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढून टाकतात. त्यामुळे ते पाणी धरत नाही आणि पुष्कळ दिवस टिकतं. ते महाग पडतं. पण वर्षाला तीनशे लिटर जाळणाऱ्याला लिटरमागे थोडे पेन्स जास्त गेले तरी नऊशे पौंडांच्या बिलापेक्षा स्वस्तच. म्हणजे पर्याय आहे, आणि तो जैविकच आहे. ‘बायोफ्युएल’ म्हणून दोन्हींना एकाच सुरात शिव्या घालणारे आपलंच नुकसान करून घेतात.

हे सगळं इंग्लंडचं झालं. पण हा विषय आपल्याकडे यायला फार वेळ नाही, म्हणून थोडं घरचंही. माझं आजोळ हर्णैचं. मामाचा मासेमारीचा ट्रॉलर होता, आता तो मामेभाऊ बघतो. आपल्याकडेही बोटीच्या डिझेलला करातली सवलत आहे: मच्छीमार सोसायटीतून डिझेल घ्यायचं, आणि राज्य सरकार त्यावरच्या व्हॅटचा परतावा देतं. मात्र ही सवलत पोट भरणाऱ्यासाठी आहे, माझ्यासारख्या हौशासाठी नाही, आणि ते योग्यच आहे. पावसाळ्यातल्या बंदीत दोन महिने बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेही कोकणच्या पावसात. म्हणजे माझ्या हिवाळ्यासारखीच परिस्थिती, दमटपणा उलट जास्तच.

मामाला फोनवर सगळी कहाणी सांगितली. तो शांतपणे म्हणाला, “तू इंजिनियर ना रे? मग टाकीच्या बुडाला कॉक कशाला असतो तो?” मी म्हटलं, “पाणी काढायला.” “कधी काढलंस?” मी गप्प. मग म्हणाला, “आम्ही बंदी लागायच्या आधी डिझेल संपवत आणायचो. उरेल ते काढून घ्यायचो. ऑगस्टात पुन्हा भरताना नरसाळ्याला जाड फडकं लावायचं. आणि सकाळी इंजिन मारायच्या आधी कॉक उघडून पेलाभर काढून बघायचं. पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं. यात काय शिकायचंय?”

यात मला शिकायचं होतं हे खरं. पण मामाच्या काळातल्या डिझेलला ही शिस्त सोडली तरी थोडं चालून जायचं. भारताच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर गाडीवाल्यांनी केवढा गोंधळ घातला ते आपण पाहिलं. तेव्हा सगळी चर्चा मायलेजची झाली. दोन महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनाचं काय, हे फार कुणी विचारलं नाही. डिझेलची वेळ येईल तेव्हा हर्णै, दाभोळ, रत्नागिरीच्या सोसायट्यांच्या टाक्यांत काय येतंय आणि ते किती दिवस टिकतं, हे आधी सांगितलं पाहिजे. माझं इंजिन बंद पडलं तेव्हा नांगर टाकायला उथळ पाणी होतं आणि तासाभरावर बंदर होतं. चाळीस वाव पाण्यात, वारा फिरलेला असताना ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं तर खलाशांची ती हौशी सहल नसते.

आता आम्ही काय करतो ते सांगून थांबतो. डिझेल घरच्याच धक्क्यावर, एका वेळी शंभर-दीडशे लिटर. घरगुती हिस्सा दहा टक्के जाहीर करतो (दोन भागीदार अजून कुरकुरतात). ऑक्टोबरात डिझेल संपवत आणायचं, उरलेलं एका टाकीत घेऊन ती गच्च भरायची, दुसरी कोरडी, आणि मधल्या नळीला आता व्हॉल्व्ह आहे. महिन्यातून एकदा कॉक उघडून बरणीत नमुना. जादा फिल्टर सहा. पंपवाल्याला भावाच्या आधी दोन प्रश्न: फेम किती, आणि टँकर कधी आला होता? पहिल्या वेळी तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. आता न विचारताच तारीख सांगतो.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ग्वेर्न्सीला जायचं ठरतंय. तिथलं चीज फार सुंदर असतं. डिझेल मात्र परतीला लागेल तेवढंच घेणार. शीटमधला तो हिरवा सेल मी अजून पुसलेला नाही, लाल सेलच्या शेजारी मुद्दाम ठेवलाय.